धुळीआडच्या दीर्घिका: या वाटेला लागणाऱ्यांसाठी

"ताई, तुम्ही रोज नेमकं काय बघता?" एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला विचारलं. मी लॅपटॉपवर माझ्या कामातली एक प्रतिमा उघडून दाखवली. काळ्यावर एक पुसट, लांबट ठिपका, बस. तिचा चेहरा पडला. हबल आणि वेब दुर्बिणींची रंगीत चित्रं पाहून तिने हा विषय मनात धरला होता. मग मी तिला सांगितलं, की हा ठिपका म्हणजे एक दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा समूह, आणि तिच्यात दर वर्षी काही शे सूर्यांच्या वजनाचे तारे जन्माला येत होते. आपल्या आकाशगंगेत हाच आकडा जेमतेम एक-दोन सूर्यांचा आहे. आणि हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा विश्वाचं वय आजच्या पाचव्या हिश्श्याइतकंही नव्हतं. ती पुन्हा स्क्रीनकडे वळली आणि बराच वेळ बघत राहिली. त्या दिवशी तिला जे सांगायचं राहून गेलं ते इथे लिहिते आहे.

आधी धुळीचं. केर काढताना उडते ती धूळ डोळ्यांसमोर आणू नका. हे कण सिलिकेटचे आणि कार्बनचे, एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान, धुरातल्या कणांसारखे. तारे जन्मतात तेच मुळी वायू आणि धुळीच्या दाट ढगांत. तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश ही धूळ गिळते, त्याने थोडी तापते आणि तीच ऊर्जा दूर-अवरक्त किरणांत परत देते. तापते म्हणजे किती, तर 30-40 केल्विन, म्हणजे उणे 235 अंश सेल्सिअसच्या आसपास. राखेखालच्या निखाऱ्यासारखं आहे हे. डोळ्यांना राखच दिसते, हात जवळ नेला की धग लागते. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणींना राख दिसते, आम्ही धग मोजतो. ही धग निघताना तिची तरंगलांबी 100 मायक्रॉनच्या आसपास असते. विश्वाच्या प्रसरणाने ती ताणत ताणत आपल्यापर्यंत येते तेव्हा सबमिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरहून थोड्या लहान लहरींच्या पट्ट्यात पोचलेली असते. या ताणाचं माप म्हणजे रेडशिफ्ट. तो जितका मोठा, तितकी दीर्घिका लांब आणि तिचा प्रकाश जुना.

या पट्ट्याची एक गंमत मला पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरी वाटली नव्हती. वस्तू जितकी लांब तितकी फिकी, हे आपण शाळेपासून धरून चालतो. पण 850 मायक्रॉनवर पाहिलं, तर रेडशिफ्ट 1 वरची दीर्घिका आणि तशीच रेडशिफ्ट 8 च्या आसपासची दीर्घिका साधारण सारख्याच तेजाच्या दिसतात. दीर्घिका जसजशी लांब जाते, तसतसा तिच्या वर्णपटाचा उंचवटा आपल्या पट्ट्याकडे सरकत येतो आणि अंतरामुळे आलेली घट भरून निघते. माझ्या सांगण्यावर जाऊ नका, वही घ्या. 35 केल्विनचा प्लँकचा वक्र, म्हणजे त्या तापमानाची वस्तू कोणत्या तरंगलांबीवर किती उजेड देते त्याचा आलेख काढा, तो रेडशिफ्टप्रमाणे सरकवा आणि 850 मायक्रॉनवर किती उजेड उरतो ते बिंदूबिंदूने मांडा. एका संध्याकाळचं काम आहे. ते स्वतःच्या हाताने केल्याशिवाय या विषयात पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

कारण या वरदानाची किंमतही त्याच वक्रात दिसते. तेज सारखंच, म्हणजे तेजावरून अंतर कळत नाही. आमच्याकडे ठिपका आधी सापडतो आणि तो कोण, कुठला हे फार उशिरा कळतं.

किती उशिरा? 1998 ची गोष्ट घ्या. हवाईच्या मौना केआवरच्या 15 मीटरच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीला स्क्युबा नावाचा कॅमेरा जोडलेला होता. त्याने सप्तर्षीतला तो प्रसिद्ध तुकडा पाहिला, हबलने 1995 च्या डिसेंबरमध्ये टिपलेला हबल डीप फील्ड. हबलच्या चित्रात तिथे हजारो दीर्घिका आहेत. स्क्युबाला 5 ठिपके मिळाले. सगळ्यात तेजस्वी ठिपक्याचं नाव एचडीएफ 850.1. त्या दुर्बिणीची नजर सुमारे 15 आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), आणि तेवढ्या वर्तुळात हबलच्या कितीतरी दीर्घिका बसतात. त्यातली कोणती आपली? एकेक नाव पुढे आलं, मागे पडलं. उत्तर मिळालं 2012 मध्ये, फ्रान्समधल्या प्लातो द ब्यूरवरच्या अँटेनांनी कार्बन मोनॉक्साइडच्या आणि आयनित कार्बनच्या रेषा, म्हणजे त्यांचा ठरावीक वारंवारतांवरचा उजेड पकडला तेव्हा. रेडशिफ्ट 5.183. विश्व जेमतेम 1.1 अब्ज वर्षांचं असतानाची दीर्घिका, वर्षाला सुमारे 850 सूर्यांइतके तारे घडवणारी. हबलच्या त्या गाजलेल्या चित्रात ती दिसतच नाही. चौदा वर्षं हा ठिपका अनेकांच्या टेबलावर बेवारस पडून होता. या विषयात यायचं असेल तर ही चौदा वर्षं लक्षात ठेवून या.

मधल्या काळात लोक हातावर हात ठेवून बसले नव्हते. ताऱ्यांची निर्मिती जिथे जोरात चालते तिथे रेडिओ लहरीही निघतात, त्यामुळे व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने नेमकी जागा शोधायची आणि केक या दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीने तिथला वर्णपट घ्यायचा, अशी जोडी जमली. 2005 मध्ये त्यातून 70 हून अधिक दीर्घिकांचे रेडशिफ्ट मिळाले, बहुतेक 2 ते 3 च्या आसपास. रेडिओत न दिसणाऱ्या, म्हणजे बहुधा सर्वांत दूरच्या दीर्घिका मात्र या जाळ्यातून निसटत होत्या.

रेडिओचा विषय निघाला म्हणून सांगते, माझी सुरुवात खोडदची. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात शाळांची जत्रा भरते. आठवीत मी तिथे गेले होते, बटाट्याच्या बॅटरीचा प्रयोग घेऊन. 45 मीटर व्यासाच्या त्या तबकड्या जाळीच्या, आरपार आभाळ दिसणाऱ्या. ते पाहून मी तिथल्या एका काकांना विचारलं होतं, "भोकांतून सिग्नल गळून जात नाही का?" त्यांनी न हसता समजावलं, की लहर भोकापेक्षा खूप मोठी असली की तिला जाळी भिंतीसारखीच वाटते. पुढे चिलीतल्या आल्मा या सबमिलिमीटर दुर्बिणीचा अभ्यास करताना तेच उत्तर उलट्या बाजूने भेटलं. तिथे लहर मिलिमीटरची किंवा त्याहून लहान, म्हणून 12 मीटरच्या तबकडीचा पृष्ठभाग 25 मायक्रॉनपर्यंत अचूक ठेवावा लागतो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. जीएमआरटीच्या 30 आणि आल्माच्या 66 अँटेनांमागचं गणित मात्र एकच आहे. दोन-दोन अँटेनांच्या जोड्या आकाशाच्या फूरिये रूपांतराचे (चित्र साध्या लहरींत मोडून मांडणाऱ्या गणिताचे) तुकडे मोजतात, आणि चित्र आपण नंतर बनवतो. खोडदचं काम ज्याला कळलं त्याला आल्माचं निम्मं आधीच कळलेलं असतं. पुण्यात एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्था मिळून विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. बी.एस्सी.ला असाल तर तिच्यावर डोळा ठेवा. टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या व्हीएसआरपी या विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यक्रमातूनही उन्हाळ्यात एनसीआरएमध्ये काम करता येतं.

आल्मा 5000 मीटर उंचीच्या चाहनांतोर पठारावर आहे, कारण हवेतली वाफ सबमिलिमीटर किरणं शोषून घेते आणि अटाकामाच्या वाळवंटात वाफच नाही. माझा सगळा डेटा तिथून आला, पण ते पठार मी अजून पाहिलेलं नाही. निरीक्षणं तिथली माणसं आणि यंत्रं करतात. आपण कोणत्या दिशेला, कोणत्या वारंवारतेवर, किती वेळ बघायचं एवढं आधी लिहून देतो. दुर्बिणीपाशी रात्र जागवायची हौस असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता माझी चूक. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एका डेटा क्यूबमध्ये रेषा शोधत होते. क्यूब म्हणजे एकाच जागेची शेकडो चित्रं, प्रत्येक थोड्या वेगळ्या वारंवारतेचं. त्यातल्या एका चित्रात नॉइजच्या, म्हणजे मोजमापातल्या नुसत्या खरखरीच्या सव्वाचार पट उंच एक शिखर दिसलं. मी सहा आठवडे त्यावर घालवले. त्याचा रेडशिफ्ट काढला, वायूचं वस्तुमान काढलं, आकृत्या केल्या. गटाच्या बैठकीत एका पोस्टडॉकने एवढंच विचारलं, "उलट्या नकाशात अशी किती आहेत?" म्हणजे क्यूबमधल्या सगळ्या संख्यांचं चिन्ह बदलायचं आणि तोच शोध पुन्हा लावायचा. आकाशात ऋण तेजाची दीर्घिका नसते, त्यामुळे तिथे जे सापडेल ते निव्वळ नॉइज. मी रात्री बसून ते केलं. तेवढ्याच उंचीची तीन शिखरं निघाली. लाखो चौकटींच्या क्यूबमध्ये योगायोगाने तेवढी निघणारच होती. माझ्या सहा आठवड्यांचं जे झालं ते झालं, पण तेव्हापासून क्यूब उघडला की मी पहिल्यांदा त्याचं चिन्ह बदलते, नंतर स्रोत बघते. तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

रेषा खरी निघाली तरी काम संपत नाही. समजा 98.8 गिगाहर्ट्झवर पक्की रेषा मिळाली आणि ती कार्बन मोनॉक्साइडचीच आहे. हा रेणू बऱ्याच ठरावीक वारंवारतांवर बोलतो. ही त्याची 345.8 ची रेषा असेल तर रेडशिफ्ट 2.5. 461.0 ची असेल तर 3.67. 576.3 ची असेल तर 4.83. तीन उत्तरं, तीन वेगवेगळे काळ, पहिल्या आणि तिसऱ्यात सुमारे 1.4 अब्ज वर्षांचं अंतर. सोडवायचं कसं? दुसरी रेषा शोधून. पहिलं उत्तर बरोबर असेल तर ती 131.7 वर येईल, दुसरं असेल तर 123.5 वर, तिसरं असेल तर 118.6 वर. दुर्बिणीचा वेळ मागताना हे आकडे तोंडपाठ हवेत. एका रेषेवर, "धुळीचं तापमान असं असं धरलं तर" अशा आधारावर रेडशिफ्ट छापून टाकायचा मोह होतो. तो आवरा.

हा मोह मोठ्या मोठ्या दुर्बिणींच्या डेटातही फसवतो. वेबची पहिली निरीक्षणं 2022 च्या उन्हाळ्यात आली, तेव्हा सीअर्स पाहणीतली एक दीर्घिका रेडशिफ्ट 16 ची असावी असं रंगांवरून वाटलं. पुढच्या वर्षी वर्णपट घेतला तर रेडशिफ्ट निघाला 4.9. धुळीमुळे आलेला तांबडेपणा आणि तीव्र उत्सर्जन रेषा यांनी मिळून फार दूरच्या दीर्घिकेचं सोंग घेतलं होतं. त्याच काळातल्या काही शोधनिबंधांत कमी रेडशिफ्टची शक्यताही उघडपणे मांडली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. धुळीच्या दीर्घिकांवर काम करणाऱ्यांची गरज वेबनंतर कमी होईल असं कोणी म्हणालं, तर हे उदाहरण द्या.

आणि वेबसोबत काम केलं की काय हाती लागतं तेही सांगते. एसपीटी 0418-47 ही रेडशिफ्ट 4.2 ची दीर्घिका मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वीय भिंगामुळे, म्हणजे तिच्या गुरुत्वाने प्रकाश वाकल्यामुळे, जवळजवळ पूर्ण कडं होऊन दिसते. दक्षिण ध्रुवावरच्या 10 मीटर दुर्बिणीने ती शोधली. 2020 मध्ये आल्माच्या डेटावरून दिसलं, की तिच्यातल्या वायूची तबकडी अपेक्षेपेक्षा कितीतरी शांतपणे फिरते आहे. 2023 मध्ये वेबने तिच्यात पॉलिसायक्लिक अरोमॅटिक हायड्रोकार्बन टिपले, चुलीच्या धुरात आणि काजळीत असतात त्या जातीचे रेणू. 12 अब्ज वर्षांपूर्वीची काजळी! मी तो निबंध एसटीत वाचला होता, सातारा-पुणे गाडीत, आणि शेजारच्या आजींना सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तयारीचं विचाराल तर फूरिये रूपांतर, संख्याशास्त्र आणि पायथन, या क्रमाने. खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक त्यानंतरही चालेल. आल्माचा डेटा वर्षभराने सगळ्यांसाठी खुला होतो आणि तो हाताळायचं कासा हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याच्या मार्गदर्शिकांमध्ये टीडब्ल्यू हायड्री या ताऱ्याचा धडा आहे, तिथून सुरुवात करा. मग अर्काइव्हमधून एखादी प्रकाशित दीर्घिका घ्या आणि निबंधातला आकडा स्वतः काढून बघा. तो जुळत नाही तो काळ सगळ्यात जास्त शिकवतो. पीएच.डी.साठी युरोपात अर्ज करणार असाल तर लक्षात घ्या, की नेदरलँड्स किंवा जर्मनीत ती बहुधा पगारी नोकरी असते. मुलाखतीत अशा स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलता येणं मार्कांपेक्षा जास्त उपयोगी पडतं, निदान मला पडलं.

भारत आल्माचा भागीदार नाही, पण भारतातूनही प्रस्ताव पाठवता येतो. वैज्ञानिक मांडणीला चार पानं मिळतात. 2021 पासून परीक्षकांना अर्जदाराचं नाव दिसत नाही, हे आपल्यासारख्यांना फार चांगलं झालं. बहुतेक प्रस्तावांना आणखी एक अट असते. तुम्ही एक प्रस्ताव पाठवलात की इतरांचे दहा तपासायचे. पीएच.डी. झालेली नसेल तर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली तपासता येतात. ते ओझं समजू नका. दहा अनोळखी लोकांचे प्रस्ताव वाचल्यावर स्वतःच्या प्रस्तावातला दुबळा परिच्छेद आपोआप दिसायला लागतो. वेळ मागतानाही हिशेब चोख ठेवा. नॉइज निम्मा करायचा तर वेळ चौपट लागतो, आणि परीक्षकांना हा हिशेब तोंडपाठ असतो.

माझ्याकडे सध्या एक ठिपका आहे. त्याची एकच रेषा मिळाली आहे आणि दोन रेडशिफ्ट शक्य आहेत. दुसऱ्या रेषेसाठीचा प्रस्ताव मंजूर झाला आहे आणि निरीक्षण येत्या काही महिन्यांत होईल. त्या मुलीला मी सांगून ठेवलं आहे, की डेटा आला की तिने यायचं, आणि दोघींनी मिळून आधी उलटा नकाशा बघायचा.