दुबईत पगार अडकला तर काय करायचं (नवीन आलेल्या पोरांसाठी, जरा मोठं आहे पण वाचा)

पगार थांबला म्हणून कामावर जायचं थांबवू नका. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण निम्मी पोरं इथेच फसतात. राग येतो, मलाही आला होता, पण योग्य कारणाशिवाय सलग ७ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर नोटीस न देता काढायची वाट कंपनीला कायदाच देतो, आणि वर अॅब्सकाँडिंगचा, म्हणजे काम सोडून पळाल्याचा, रिपोर्ट टाकला की पगार राहिला बाजूला, आपणच आपली बाजू समजावत फिरायचं. सोडायचंच असेल तर त्याची रीत आहे, आधी लेबरला, म्हणजे इथल्या कामगार मंत्रालयाला, कळवायचं, १४ कामाचे दिवस थांबायचं, तरी मालकाने चूक सुधारली नाही तर नोटीसशिवाय सोडता येतं. तोपर्यंत रोज पंच करा, पंच मशीन बंद असेल तर साइटवरचा फोटो काढून ठेवा.

मी खेडचा, इथे २०१० पासून. एसीच्या कामाला आलो, आता सुपरव्हायजर आहे. २०१२ मध्ये माझे तीन महिन्यांचे पैसे बुडाले, त्यातून जे शिकलो तेच लिहितोय. मी वकील नाही हे लक्षात ठेवा.

तेव्हा झालं असं की पहिला महिना उशीर, मग दुसरा, आणि दर आठवड्याला फोरमन सांगणार की इन्शाल्ला गुरुवारी. आम्ही आठ जण एका खोलीत, त्यातले चार कोकणातले, आणि सगळ्यांचं मत एकच की मालक चांगला आहे, ईदला बिर्याणी देतो, त्याच्यावर कशाला तक्रार करायची. शेवटी ऑफिसात बोलावलं, टेबलावर तिकीट आणि पासपोर्ट, शेजारी अरबीत एक कागद. सही कर, पैसे नंतर घरी पाठवतो. केली सही. त्या कागदात लिहिलं होतं की माझा सगळा हिशोब मिळाला, काही येणं बाकी नाही. हे मला मुंबईत उतरल्यावर एकाने वाचून सांगितलं. म्हणून पैसे हातात किंवा खात्यात आल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नाही, आणि जे वाचता येत नाही त्यावर तर मुळीच नाही. समोरचा म्हणाला की नुसती फॉर्मॅलिटी आहे, तर तेव्हाच जास्त जपा. आणि पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणंच मुळात बेकायदेशीर आहे, तो परत मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता पद्धत बरीच बदललीय, कामगाराच्या बाजूने बदललीय. पगार डब्ल्यूपीएसमधून, म्हणजे बँक किंवा एक्सचेंजमधूनच द्यावा लागतो, २००९ पासून हे चालू आहे, त्यामुळे कोणाचा पगार आला नाही ते मिनिस्ट्रीच्या सिस्टिममध्ये दिसतं. २०२२ च्या नियमात ठरलेल्या तारखेपासून १५ दिवसांत पगार आला नाही तर तो थकलेला धरतात. मिनिस्ट्रीचं पूर्ण नाव मोठं आहे, इथे सगळे लेबर म्हणतात किंवा मोहरे. त्यांच्या अॅपवर तुमचं काँट्रॅक्ट दिसतं. विमानातून उतरून नंबर चालू झाला की पहिलं काम ते उघडून बघा, आणि मुंबईत एजंटने सही घेतलेल्या ऑफर लेटरशी ताडून बघा. एकूण आकडा बरोबर असतो, गोम असते बेसिकमध्ये. पगार १५०० दिरहम सांगितला आणि बेसिक फक्त ८०० लावला, तर तुमचा ओव्हरटाईम आणि ग्रॅच्युइटी दोन्ही ८०० वरच निघणार. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपल्यावर मिळणारे पैसे, पहिल्या पाच वर्षांत वर्षाला २१ दिवसांचा बेसिक मिळतो, म्हणजे ८०० वाल्याला वर्षाचे साधारण ५६०, आणि तेही किमान एक वर्ष पूर्ण केलं तर. घरी आपण दीड हजाराच्या हिशोबाने स्वप्नं बघतो.

कागदांचं सांगतो कारण सगळा खेळ त्यावरच आहे. ऑफर लेटर, काँट्रॅक्ट, एमिरेट्स आयडीच्या (इथलं ओळखपत्र) दोन्ही बाजू, पासपोर्ट आणि व्हिसाचं पान, दर महिन्याचं सॅलरी कार्डचं स्टेटमेंट, टाईमशीटचा फोटो, फोरमनचे पगाराबद्दलचे व्हॉट्सअॅप मेसेज, हे सगळं स्वतःला मेल करून ठेवा किंवा घरी भावाला पाठवा. फोन हरवतो, फोन विकावाही लागतो, मेल राहतो. पण एक जपा, कोणाचं बोलणं चोरून रेकॉर्ड करू नका, इथे तो गुन्हा आहे. आणि फेसबुकवर कंपनीचं नाव टाकून शिव्या पण नकोत, आपली केस बरोबर असली तरी बदनामीची उलटी केस बसू शकते. चिडून केलेली एक पोस्ट दोन महिन्यांच्या पगारापेक्षा महाग पडते.

अजून एक प्रकार चालतो तो कोणी सांगत नाही. कार्डावर पूर्ण पगार येतो, रेकॉर्ड स्वच्छ, आणि एटीएमच्या बाहेर कंपनीचा माणूस उभा, त्यातले ४०० परत द्या. अशा वेळी गोड शब्दात मेसेज करून विचारा, भाई हे ४०० कशाचे, जेवणाचे की रूमचे. उत्तर लेखी आलं की तो तुमचा कागद.

तक्रार कशी करायची ते आता. अॅपवरून होते, किंवा ८००८४ वर फोन करा, हिंदी-उर्दूत बोलता येतं, फुकट आहे. तक्रार टाकून देतो म्हणून कोणी कॅफेटेरियात बसून ३००-४०० दिरहम मागत असेल तर त्याला चहा पाजा आणि उठा. फक्त पगार थकलाय आणि नाव उघड करायचं नसेल तर तशीही सोय अॅपमध्ये आहे. नाव देऊन नेहमीची तक्रार टाकली की लेबरवाले दोन्ही बाजूंना बोलावतात, हल्ली बरंचसं फोनवरच होतं, आणि १४ दिवसांत मिटवायचा प्रयत्न करतात. इथे मंदूब, म्हणजे कंपनीचा पीआरओ, हमखास सांगणार की केस मागे घे, उद्या चेक देतो. मागे घेऊ नका. तडजोड करायची तर लेबरच्या समोर, तारीख आणि रक्कम लिहून.

मिटलं नाही तर आधी थेट कोर्टात पाठवायचे. १ जानेवारी २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मिनिस्ट्री स्वतःच निर्णय देते आणि तो कोर्टाच्या निकालासारखाच वसूल करता येतो. आपल्या बहुतेकांचे दावे याच्या आतच असतात, त्यामुळे हा फार मोठा फरक पडलाय. कोणाला निर्णय मान्य नसेल तर १५ कामाच्या दिवसांत कोर्टात जाता येतं. ५०,००० हून मोठी रक्कम असेल तर कोर्ट, पण १ लाख दिरहमपर्यंत कामगाराला कोर्ट फी नाही. निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही हं, वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला तनफीज म्हणतात, बरीच पोरं निकाल घेऊन खुशीत बसून राहतात आणि चार महिने वाट बघतात. कंपनीच बुडाली असेल तरी सगळं संपलं नाही, कामगारांसाठी कंपनीला बँक गॅरंटी किंवा इन्शुरन्स ठेवावा लागतो, त्यातून ठराविक मर्यादेपर्यंत मिळतं. लेबरला त्याबद्दल स्पष्ट विचारा, विचारल्याशिवाय कोणी सांगेलच असं नाही.

मागच्या वर्षी चिपळूणच्या एका पोराचं हे सगळं जवळून पाहिलं, प्लंबर, तीन महिन्यांचा पगार आणि साडेचार वर्षांची ग्रॅच्युइटी. त्याच्याकडे टाईमशीटचे फोटो होते ३८ महिन्यांचे, तारखेनुसार लावलेले, त्याच्या बायकोने गावाहून लॅपटॉपवर बसून लावून दिले होते. लेबरच्या फोनवर कंपनीचा माणूस म्हणाला हा तर ऑगस्टमध्ये सुट्टीवर होता, याने ऑगस्टचे फोटो पाठवले, विषय तिथेच संपला.

फ्री व्हिसावाल्यांनो, तुमचं अवघड आहे, खोटा धीर देत नाही. व्हिसा एका कंपनीचा आणि काम दुसरीकडे असेल तर काँट्रॅक्ट ज्याच्याशी आहे त्याने तुम्हाला कामच दिलेलं नसतं, आणि ज्याने दिलं त्याच्याशी कागद नसतो. व्हिजिट व्हिसावर काम करू नकाच. घरकामाला आलेल्या ताया-मावशींचा कायदा वेगळा, २०२२ चा, पण तक्रार मोहरेकडेच जाते. फ्री झोनमध्ये, म्हणजे स्वतःची वेगळी अथॉरिटी असलेल्या व्यापारी भागात, असाल तर आधी त्या झोनच्या अथॉरिटीला विचारा, डीआयएफसीचे (दुबईचं आर्थिक केंद्र) तर कायदे आणि कोर्टही वेगळे.

आपल्या कॉन्सुलेटचं मत लोकांमध्ये बरं नाही, पण माझा अनुभव ठीक आहे. दुबईच्या कॉन्सुलेटमध्ये प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, टोल फ्री ८०० ४६३४२, कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. ते मालकाला फोन करू शकतात, कागद समजावू शकतात, पैसे मात्र लेबर आणि कोर्टातूनच निघणार. आणि सगळे मिळून काम बंद करून रस्त्यावर बसायचा विचार कोणी सुचवला तर तिथून उठून या, इथे ते चालत नाही. पन्नास जणांचा पगार थकला असेल तर पन्नास जणांनी लेबरला कळवा.

गावी जायची पाळी आली, आणि केस चालू आहे, तर जाण्याआधी इथल्या नोटरीकडे विश्वासातल्या माणसाच्या नावाने पॉवर ऑफ अॅटर्नी करून जा. नाहीतर तेच काम गावाहून करायला नोटरी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग मुंबईत यूएईच्या कॉन्सुलेटचा, आणि इथे परत एक शिक्का, त्यात महिने जातात आणि पैसेही. नोकरी संपल्यापासून २ वर्षांत दावा टाकावा लागतो, हे २०२४ च्या बदलानंतर, आधी वर्षभरच होतं. त्यामुळे मागच्या वर्षी हात हलवत परत गेलेलं कोणी तुमच्या गावात असेल तर त्याला हे पाठवा, त्याची मुदत अजून असू शकते.