सशांचा प्रयोग शिकवताना

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी नौपाड्यातल्या माझ्या घरी बारावीची पाच-सहा मुलं जीवशास्त्राला येतात. कोलेस्टेरॉल मी सशांपासून शिकवते. तुम्हीही कुणाला शिकवत असाल तर असं करून बघा.

उत्तर आधी सांगायचं नाही. 1908 मध्ये रशियात इग्नाटोव्स्कीने सशांना मांस, अंडी, दूध खाऊ घातलं. त्यांच्या धमन्या बिघडल्या. दोष त्याने प्रथिनांवर ठेवला. आता एक अंडं बशीत फोडा आणि विचारा, यात प्रथिनांखेरीज काय काय आहे? बोटं बलकाकडे, म्हणजे अंड्यातल्या कोलेस्टेरॉलकडे, वळली की निम्मं काम झालं. 1910 चा जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंडाउस मग एका वाक्यात होतो: माणसाच्या रोगट महाधमनीत त्याला निरोगी धमनीच्या वीसपटीहून जास्त कोलेस्टेरॉल सापडलं.

मग दोन वाट्या घ्या. दोन्हींत सूर्यफुलाचं तेल ओता, एकीखाली 'कोलेस्टेरॉल' लिहिलेली चिठ्ठी सरकवा. 1913 साली सेंट पीटर्सबर्गला अनिच्कोव आणि खालातोव यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल याच तेलात विरघळवून काही सशांना दिलं, काहींना नुसतं तेल. मागच्या रविवारी एक मुलगी म्हणाली, "बाई, नुसतं तेल देऊन काय कळणार?" इथे घाई करू नका. मी गप्प बसले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "म्हणजे तेलामुळे झालं असं कुणी म्हणायला नको!" कोलेस्टेरॉल खाल्लेल्या सशांच्या रक्तातली त्याची पातळी चढली आणि धमन्या बिघडल्या; नुसत्या तेलावरच्या सशांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या होत्या. अख्ख्या प्रयोगाचा जीव त्या दुसऱ्या वाटीत आहे, आणि शिकवताना नेमकी तीच राहून जाते याचं मला फार वाईट वाटतं.

कुत्र्यांचं सांगितल्याशिवाय उठू नका. कोलेस्टेरॉल खाऊनही त्यांच्या धमन्या ठीक राहिल्या, म्हणून अनेकांनी सशांचा प्रयोग बाजूला सारला. कुत्र्याचं शरीर जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत (पित्तातल्या आम्लांत) रूपांतर करतं, त्यामुळे रक्तातली पातळी फारशी चढत नाही. 1946 मध्ये स्टाइनर आणि केंडॉल यांनी औषध देऊन कुत्र्यांची थायरॉइड मंद केली, वर कोलेस्टेरॉल खाऊ घातलं, तेव्हा पातळी चढली आणि धमन्याही बिघडल्या.

शेवटी वहीत चार रकाने आखून घ्या: प्राणी, खाणं, रक्त, धमनी. ससा, कुत्रा, औषध दिलेला कुत्रा, एवढ्या तीन ओळी मुलांनी स्वतः भरायच्या. धमनीच्या रकान्याशी कुठला रकाना ओळीने जुळतो, त्याभोवती पेन्सिल त्यांनाच फिरवू द्या.