जेटी खासगीकरणाला देताना: कागदपत्रं सांभाळणाऱ्यांची तयारी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली सरकारी जेटी किंवा विश्रामगृह खासगी कंपनीला द्यायचं ठरलं, की सहायकांना आधी सातबारा वाचायला बसवा. निविदेचे नियम नंतर. 'इतर हक्क' रकान्यात कूळ किंवा बोजा दिसला, तर त्याचा फेरफार (ती नोंद कशी झाली ते सांगणारा उतारा) काढून त्याच फायलीला लावायचा. क्षेत्रफळात हमखास घोळ होतो: 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठा मात्र 101.17. मोठ्या जागेत हा फरक बोलीदाराचा वकील बरोब्बर पकडतो. मोजणी नकाशावर सहसा भरतीरेषा नसते, म्हणून सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा वेगळा मागवा.

बोलीदाराचा फोन आला तर उत्तर एकच, 'लेखी पाठवा.' खुलासा सगळ्यांना एकाच वेळी, शुद्धिपत्रकानेच. एकालाच सांगितलं, की बाकीचे निविदेलाच आव्हान देतात.