ताफ्यातून निघालेला सेमी ट्रक निवासी ट्रेलरसाठी घेताना या चुका टाळा

अमेरिकेत चाळीस फुटांहून लांब फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर टेकून चालणारे फिरते घर, घेऊन वर्षातले बरेच महिने प्रवासात काढायचे ठरवले की पिकअप ट्रकची मर्यादा लवकरच लक्षात येते. असे मोठे ट्रेलर सामानासह २०,००० पौंडांच्या (सुमारे ९,००० किलो) पुढे जातात आणि त्यांच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा थेट किंगपिनवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालच्या जोडखुंटीवर आणि तिच्यातून ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर येतो. मागे चार चाके असलेला पिकअपही चार-पाच हजार पौंडांच्या या भाराखाली मर्यादेच्या काठावर चालतो. त्यामुळे मालवाहतूक कंपन्यांनी चार-पाच वर्षे वापरून विकायला काढलेले व्होल्व्हो व्हीएनएल, फ्रेटलायनर कॅस्केडिया किंवा केनवर्थ टी ६८० असे सेमी ट्रक, म्हणजे मालाची पेटी ओढणारे अवजड ट्रक, अनेकांना आकर्षक वाटतात. नव्या अवजड ट्रकवर पहिल्या विक्रीच्या वेळी लागणारा १२ टक्के संघीय अबकारी कर जुन्या ट्रकवर लागत नाही, आणि नव्या पिकअपच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी पैशांत, कितीतरी पट दणकट गाडी मिळते.

हे सारे खरे असले तरी हा ट्रक घर ओढण्यासाठी बांधलेला नाही, हे विसरून चालत नाही. मालाच्या पेटीसह ८०,००० पौंडांपर्यंतचे वजन घेऊन महामार्गावर ठरलेल्या वेगाने दिवसभर धावावे, इंधन कमी लागावे आणि चालकाने फारसे काही बदलू नये, असा हिशेब करून कंपनीच्या खरेदी विभागाने तो मागवलेला असतो. पुढील बहुतेक चुका हा हिशेब लक्षात न घेतल्यामुळे होतात.

ओडोमीटरवर विसंबणे

पाच लाख मैल हा आकडा पाहून दचकण्याचे कारण नाही, कारण नीट देखभाल झालेल्या या इंजिनांना त्यापुढेही बरेच आयुष्य असते. पाहायचे ते इंजिनाचे तास. ट्रकच्या संगणकातून, म्हणजे ईसीएममधून, एकूण तास, उभ्या गाडीत इंजिन चालू राहिल्याचे तास, एकूण जळालेले इंधन आणि साठलेले दोषसंकेत यांचा अहवाल काढता येतो, आणि तो पाहिल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नये. सरासरी वेग ताशी ५० मैल धरला तर पाच लाख मैलांना सुमारे १०,००० तास लागतात. अहवालात १६,००० तास दिसत असतील, तर उरलेले ६,००० तास हे इंजिन रात्री चालकाला गार किंवा ऊब देत उभ्या जागी फिरत होते, असे समजावे. उभ्या गाडीत एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, त्यामुळे काजळी ईजीआरच्या (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात नेणाऱ्या प्रणालीच्या) मार्गात आणि डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साठत जाते. ज्या ट्रकला थर्मो किंग ट्रायपॅकसारखे वेगळे सहायक इंजिन बसवलेले असते, त्यात ही झीज तुलनेने कमी असते, आणि तेवढ्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

इंजिनाचे वर्ष हा याच मुद्द्याचा दुसरा भाग आहे. २००७ च्या प्रदूषणनियमांमुळे डीपीएफ आले आणि २०१० च्या नियमांमुळे बहुतेक उत्पादकांनी धुरातले प्रदूषण कमी करण्यासाठी डीईएफ नावाचा द्राव वापरणारी प्रणाली स्वीकारली. इंटरनॅशनल कंपनीने मात्र मॅक्सफोर्स इंजिनांत डीईएफशिवाय, केवळ ईजीआरच्या बळावर २०१० ची पातळी गाठण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि पुढे तिला कमिन्सची इंजिने घ्यावी लागली. त्या काळातला मॅक्सफोर्स असलेला त्या कंपनीचा प्रोस्टार ट्रक बाजारात लक्षणीयरीत्या स्वस्त दिसतो, आणि तो तसा का दिसतो हे विक्रेता आपणहून सांगणार नाही. डीपीएफ काढून टाकलेला किंवा संगणकात फेरफार करून प्रदूषणप्रणाली बंद केलेला ट्रक तर घेऊच नये, कारण ते संघीय कायद्याने बेकायदा आहे आणि पुढे नोंदणी व पुनर्विक्री दोन्ही अडतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून १४,००० पौंडांहून जड डिझेल वाहनांना सामान्यतः २०१० किंवा त्यानंतरच्या मानकाचे इंजिन लागते. निवासी वाहन म्हणून नोंदलेल्या खासगी गाड्यांचे नियम वेगळे आहेत. तेथे राहणाऱ्याने आपला ट्रक कोणत्या गटात मोडेल हे राज्याच्या हवा मंडळाकडून आधी विचारून घ्यावे.

चकचकीत रंग पाहून तपासणी सोडून देणे

विक्रीच्या आधी ट्रक धुऊन, टायरला काळे लावून उभा केलेला असतो. आपण मात्र भेटीच्या वेळी इंजिन थंड असावे असा आग्रह धरावा. थंड इंजिन सुरू करून ते स्थिर झाले की तेल भरण्याचे झाकण सैल करून तोंडावरच उलटे ठेवावे. ते किंचित थरथरले तर ठीक, पण उडून पडू लागले तर पिस्टनरिंगांच्या बाजूने वायू खाली उतरत आहेत. ही ढोबळ परीक्षा आहे. निर्णयासाठी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात कूलंट, इंधन किंवा धातूचे कण आहेत का, हे पाहणे आवश्यक आहे. त्याचा खर्च एका टायरच्या किमतीचा लहानसा भागही नसतो.

एअर ब्रेकची तपासणी कोणालाही शिकता येते, आणि पिकअपची सवय असलेला माणूस नेमकी तीच टाळतो. सपाट जागेवर चाकांखाली ठोकळे लावावेत आणि दाब १२० ते १४० पीएसआयच्या दरम्यान पोहोचून कॉम्प्रेसर थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. मग इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून, पार्किंग ब्रेक सोडून पाऊल ब्रेकवर एक मिनिट दाबून धरावे. एकट्या ट्रकचा दाब मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. त्यानंतर ब्रेक वारंवार दाबून हवा कमी करत न्यावी. ५५ ते ६० पीएसआयच्या आसपास इशारा वाजला पाहिजे, आणि २० ते ४५ च्या दरम्यान पार्किंग ब्रेकची खुंटी आपोआप बाहेर आली पाहिजे. विक्रेत्याला ही तपासणी उरकण्याची घाई झाली, तर आपण घाई करू नये.

एक गोष्ट पैसे देण्याआधीच मार्गी लावावी. बहुतेक कंपन्या ट्रकचा कमाल वेग, क्रूझची (वेग आपोआप कायम ठेवण्याच्या सोयीची) मर्यादा आणि उभ्या गाडीत इंजिन किती मिनिटांनी बंद व्हावे हे पासवर्ड घालून ठरवून ठेवतात. ताशी ६५ मैलांची मर्यादा ट्रेलर ओढताना कोणाला खटकणार नाही, पण पाच मिनिटांनी बंद पडणारे इंजिन उन्हाळ्यात अॅरिझोनात नकोसे होते. पासवर्ड विक्रेत्यानेच काढून द्यावेत, कारण मालकी बदलल्यावर जुन्या कंपनीत त्याची दखल घेणारा माणूस शोधत बसावे लागते.

लांबीचा हिशेब खरेदीनंतर करणे

सर्वांत महागडी चूक हीच, कारण ती सुधारायला चौकट कापावी लागते. अनेक राज्यांत खासगी वाहनजोडीच्या एकूण लांबीवर मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात ती सर्वसाधारणपणे ६५ फूट आहे. समजा, ट्रकच्या बंपरपासून किंगपिनपर्यंत २० फूट आणि तेथून ट्रेलरच्या टोकापर्यंत ४३ फूट आहेत, तर एकूण ६३ फूट झाले आणि गाडी नियमात बसली. मात्र केबिन आणि किंगपिन यांच्यामध्ये छोटी मोटार आडवी ठेवता यावी म्हणून पाच-सहा फुटांचा फलाट घातला की तीच जोडी नियमाबाहेर जाते. या कामासाठी लोकप्रिय असलेली स्मार्ट मोटार, म्हणजे २००८ पासून अमेरिकेत विकले गेलेले मॉडेल, सुमारे १०६ इंच लांब आहे आणि रस्त्यावरील वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा १०२ इंच आहे. या चार इंचांचा विषय फलाट बनवून देणारा कारागीर बहुधा काढत नाही.

उलट बाजूने, लांबी वाचवण्यासाठी किंगपिन केबिनच्या फार जवळ आणणेही धोक्याचे असते. ट्रेलर साडेआठ फूट रुंद असेल, तर त्याची अर्धी रुंदी ५१ इंच भरते, आणि काटकोनात वळताना त्याचा पुढचा कोपरा किमान तेवढ्या अंतरावरून फिरतो. ट्रेलरची नाक किंगपिनच्या पुढे येत असेल तर त्याहूनही अधिक जागा लागते. ७७ इंची स्लीपर (केबिनमागची झोपण्याची खोली) असलेला व्हीएनएल ७८० राहायला ऐसपैस असतो, परंतु हे इंच मोजताना ६१ इंची स्लीपरचा ६७० बऱ्याचदा जास्त सोयीचा पडतो. माझे मत विचाराल तर ट्रेलर स्वतःच घर असताना ट्रकमध्ये दुसरे घर कशाला हवे?

ट्रकची मूळ जोडणीपट्टी तशीच ठेवून ट्रेलर लावणे हीसुद्धा नित्य दिसणारी चूक आहे. दोन्हीकडचा किंगपिन दोन इंची असल्याने तो अडकतो, आणि म्हणूनच फसगत होते. मालवाहू पट्टी पुढे-मागे झुकते, बाजूला झुकत नाही. उंचसखल जागी ट्रेलर एका कुशीला कलला की सारा पीळ त्याच्या हलक्या चौकटीला सोसावा लागतो. शिवाय ट्रकचे मागचे एअर सस्पेन्शन या तुलनेने किरकोळ भाराखाली कडक राहते आणि धक्के थेट घरात पोहोचतात. म्हणून दोन्ही दिशांना झुकणारे डोके आणि स्वतःच्या हवेच्या पिशव्या असलेली निवासी ट्रेलरसाठीची हिच, म्हणजे जोडणी, बसवावी लागते. तिची उंची ठरवताना आधी ट्रेलर सपाट जमिनीवर समपातळीत ठेवून किंगपिनची उंची मोजावी. पुढचा भाग उचललेला राहिला तर ट्रेलरच्या मागच्या एक्सलवर जास्त भार येतो, आणि छप्पर १३ फूट ६ इंचांच्या नेहमीच्या मर्यादेलाही भिडू शकते. हिच, फलाट, तारा, रंग आणि मजुरी यांचे अंदाजपत्रक ट्रक पाहण्याआधीच मागवावे, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

रंग जुळवून तारा जोडणे

ट्रकच्या मागच्या प्लगला सात पिना असतात आणि निवासी ट्रेलरच्या प्लगलाही सातच, पण दोघांचा आकार वेगळा आणि अर्थही वेगळा. ट्रककडे पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची आणि लाल ब्रेकदिव्याची असते. निवासी ट्रेलरमध्ये बहुधा एकच दिवा ब्रेकचे आणि इंडिकेटरचे काम करतो. मध्ये रूपांतरक न बसवता जोडणी केली, तर ब्रेक दाबलेला असताना इंडिकेटर लुकलुकत नाही किंवा भलताच दिवा लागतो. अशी लक्षणे दिसली तर बल्ब बदलत बसू नये.

निळ्या तारेची चूक याहून गंभीर आहे. ट्रककडे ती ट्रेलरच्या एबीएससाठी सतत १२ व्होल्टचा पुरवठा करते, तर निवासी ट्रेलरकडे निळी तार विजेवर चालणाऱ्या ब्रेकची असते. निळ्याला निळी जोडली की चावी फिरवताच ट्रेलरचे ब्रेक पूर्ण लागतात. ट्रेलर हलत नाही किंवा पाच-दहा मैलांनंतर त्याची चाके हात लावण्याजोगी राहत नाहीत, अशी तक्रार असेल तर पहिला संशय या तारेवर घ्यावा.

ट्रेलरचे ब्रेक चालवणारा नियंत्रक वेगळा बसवावा लागतो. एअर ब्रेकच्या ट्रकसाठी हवेचा दाब ओळखणारा प्रकार उत्तम, कारण पाऊल जितके दाबले जाते तितकीच ट्रेलरची पकड वाढते. डॅशबोर्डवरची, मालवाहू ट्रेलरला हवा पुरवणारी अष्टकोनी लाल खुंटी आणि ट्रेलरचा हातब्रेक निवासी ट्रेलरसाठी काहीही करत नाहीत, हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी सुरक्षा-तार हिचला न अडकवता ट्रकच्या चौकटीला अडकवावी, कारण हिचच निखळली तर ती तारेलाही सोबत नेईल.

कागद शेवटी ठेवणे

विमा, नोंदणी आणि परवाना या क्रमाने चौकशी करावी आणि ती खरेदीच्या आधी करावी. खासगी वापराच्या सेमी ट्रकला नेहमीच्या मोटारविम्याच्या कंपन्या अनेकदा नकार देतात. विमा मिळत नसेल तर बाकीचा बेत निरर्थक ठरतो. अनेक राज्यांत स्वयंपाक, शीतकपाट, शौचालय, पाणी, तापमाननियंत्रण आणि स्वतंत्र वीज अथवा गॅस या सहा सोयींपैकी चार कायमस्वरूपी असतील, तर ट्रक निवासी वाहन म्हणून नोंदता येतो, पण कोणती सोय पुरेशी मानायची हे त्या कार्यालयावर अवलंबून असते. परवान्याबाबत ‘खासगी वापराला काही लागत नाही’ हे ऐकीव वाक्य सोडून द्यावे. टेक्सासमध्ये जोडीचे वजन २६,००० पौंडांच्या वर आणि ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर असेल, तर बिगरव्यावसायिक ‘ए’ वर्गाचा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांहून जड फिफ्थ व्हीलसाठी तसाच परवाना आहे. संघीय अवजड वाहन कर ५५,००० पौंडांपासून पुढे लागू होतो, त्यामुळे निवासी ट्रेलरची बहुतेक जोडी त्याच्या बाहेर राहते.

वापर बदलला, सवयी तशाच

घरी आणलेला ट्रक आता महिनोन्महिने उभा राहणार आहे. डीईएफ मध्यम तापमानातही साधारण वर्षभरच चांगला राहतो, उन्हात त्याआधी बिघडतो आणि उणे ११ अंश सेल्सियसला गोठतो. त्यामुळे टाकी काठोकाठ भरून गाडी हंगामभर उभी करू नये. डॅशबोर्डवर पुन्हापुन्हा रिजनची, म्हणजे डीपीएफमधली काजळी जाळून टाकण्याची, सूचना येत असेल तर सेन्सर बदलण्याआधी गाडी ट्रेलरसह दीर्घ चढावर चालवून पाहावी, आणि तरीही सूचना आली तर डीपीएफ उतरवून साफ करून घ्यावा. दोन आठवड्यांत बॅटऱ्या बसत असतील तर जुन्या कंपनीने मागे सोडलेला जीपीएस किंवा कॅमेरा वीज खात आहे का, हे शोधावे. टायरची नक्षी नवी दिसली तरी बाजूवरच्या शिक्क्यातील शेवटचे चार आकडे वाचावेत. त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. पुढची दोन्ही टायरे जुनी निघाली तर त्यांची किंमत सौद्यातून वजा करून घ्यावी.

इंजिनाची ताकद मिळणाऱ्या मागच्या दोन एक्सलपैकी एक काढून टाकण्याची पद्धत या वर्तुळात रूढ आहे. त्याने वळणे सोपी होतात आणि टायरचा खर्च घटतो, पण ओल्या गवतावर हलका झालेला ट्रक जागीच चाके फिरवतो. असा ट्रक घेणार असाल तर डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारी सोय) आहे का, ते विचारावे, विक्रेत्यासमोर लावून पाहावे आणि छावणीत शिरण्याआधीच, म्हणजे चाक फिरू लागण्याच्या आधी, लावायची सवय ठेवावी.