आमवाताचं औषध चालू आहे? मग या चुका टाळा

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका काय नि पॉवरलूमवर टॉवेल-चादरी काढणारी माणसं काय, सगळ्यांचं पोट बोटांवर. त्यामुळं सकाळी तासभर मूठ वळेना झाली तरी "कामानं दुखतंय" म्हणायचं आणि मेडिकलमधनं पेनकिलर आणायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कामाचं दुखणं आरामानं कमी होतं, आमवाताचं (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उठते) आखडणं मात्र रात्रभर झोपून उठल्यावरच जास्त असतंय.

आत काय चाललंय ते बघा. आयएल-6 नावाचं सुजेचा निरोप देणारं प्रोटीन पेशीच्या रिसेप्टरला चिकटलं की आतली जॅक एन्झाइम्स जागी होतात, ती स्टॅट नावाच्या प्रोटीनला फॉस्फेट लावतात आणि स्टॅट थेट केंद्रकात जाऊन सूज वाढवणारे जीन चालू करतं. टीएनएफ नावाच्या अशाच दुसऱ्या प्रोटीनचा निरोप वेगळ्या वाटेनं जातो पण शेवट तोच, सूज. पेनकिलर यातलं काहीच अडवत नाही, ती फक्त दुखणं वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करते, म्हणजे दुखणं दबतं आणि सांधा आतनं झिजतच राहतो.

मेथोट्रेक्सेट ही आमवाताची नेहमीची गोळी आठवड्यातनं एकदाच घ्यायची! रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. वार ठरवून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, घरी तेलुगू नाहीतर कन्नड वाचत असाल तर त्यात. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात, पंधरा दिवसांत सोडू नका. स्टिरॉइडही मनानं एकदम बंद करायचं नाही.

टीएनएफ अडवणारं इंजेक्शन किंवा टोफासिटिनिबसारखी जॅक अडवणारी गोळी सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. टीबीचे झोपलेले जंतू गाठीत कोंडून ठेवायला शरीराला तोच टीएनएफ लागतो, तो अडवला की जुना टीबी उठतो. जॅकच्या गोळीआधी विडी-सिगारेट, हार्टचा त्रास, रक्ताची गुठळी यातलं काहीही असेल तर लपवू नका, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2021 मध्ये याबद्दल कडक इशारा दिलाय.

आणि एक चूक शिकलेली माणसंही करतात. सीआरपी, म्हणजे सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं प्रोटीन, यकृतात तयार होतं ते मुख्यतः आयएल-6 च्या सांगण्यावरनं, म्हणून टोसिलिझुमॅब हे आयएल-6 अडवणारं औषध किंवा जॅकची गोळी चालू असताना इन्फेक्शन असूनही सीआरपी नॉर्मल येऊ शकतं. तेव्हा ताप आला तर रिपोर्ट बघून घरी बसू नका, आणि गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलात तरी आधी औषधाचं नाव सांगा.