मोर छाप ‘क्यात’ अस्सल की नकली: घरी कसं तपासावं

ब्रह्मदेशचा राजा मिन्डोन याचं चांदीचं नाणं ‘क्यात’ म्हणजे एका बाजूला पिसारा फुलवलेला मोर, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत किंमत. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, दोन्ही आपल्या राणी छाप रुपयासारखंच.

आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग वजन. वापरून झिजलेलं नाणं ११.४ भरलं तर बिघडत नाही. ११.८ भरलं तर मात्र जपा, झिजेनं वजन वाढत नसतं.

आता खरी मेख: घनता. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा. तळाला किंवा काठाला टेकलं की काटा नाण्याचंही वजन धरतो आणि हिशोब फुकट जातो. कोरड्या नाण्याच्या वजनाला आलेल्या आकड्यानं भागा: ११.६० भागिले १.१२, म्हणजे १०.३६. उत्तर १०.२ ते १०.५ मध्ये हवं. जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, धातूत नाही), पितळ नऊच्याही खाली राहतात.

इथे घात करतात ते हवेचे बुडबुडे. ते पिसाऱ्याच्या खाचांत बसतात, १.१२ चे १.२० होतात, घनता ९.७ वर येते आणि चांगलं नाणं खोटं ठरतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं आत हलवा आणि तीनदा मोजा. एकदाच मोजून निकाल देऊ नका. ही नाणी दागिन्यांतही जडवली जात. कडेला डाख, म्हणजे जोडकामाचा धातू, असेल तरी आकडा खाली येतो. क्यातच्या आठव्या हिश्श्याच्या ‘मू’ या नाण्यावर हा प्रयोग करूच नका. ते जेमतेम १.४५ ग्रॅमचं, त्यात काट्याच्या बारीक चुकीनंही उत्तर बरंच हलतं.

घनता जुळली म्हणजे धातू जुळला, एवढंच. चांगल्या चांदीत ओतलेली नक्कलही यात पास होते, म्हणून भिंगातून कडेवर साच्याची रेघ आणि सपाट भागावर बारीक पुटकुळ्या शोधा.

वर्षावरून भांडू नका. नाण्यावर बर्मी अंकांत बर्मी सनाचं १२१४ असतं. ६३८ मिळवले की १८५२, नेमकं म्हणजे १८५२-५३. मिन्डोनचं राज्यारोहण याच बर्मी वर्षात, १८५३ च्या फेब्रुवारीत झालं. नाणी पडली मंडालेच्या टांकसाळीत, १८६५ पासून; मंडाले शहर वसायलाच १८५७ उजाडलं. त्यामुळे ‘१८५२ ची पहिली पाडणी’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. रत्नागिरीत नजरकैदेत राहिलेला थिबा हा मिन्डोनचा मुलगा, म्हणून हेच नाणं ‘थिबा राजाचं’ म्हणून कुणी पुढे केलं तर १२१४ वर बोट ठेवा.

कसाला लावणं, आम्ल टाकणं, रांगोळीनं घासणं, तिन्ही बंद. काळपटपणा राहू द्या.