सोलापुरात राहून भित्ती बांधणाऱ्या समुद्री कृमींची ज्ञानेंद्रिये कशी अभ्यासावीत

वाळूची भित्ती बांधणारे समुद्री कृमी सोलापुरात जिवंत पाहायला मिळणार नाहीत, हे उघड आहे. तरीही त्यांची ज्ञानेंद्रिये समजून घेण्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत आणि गांडूळखताच्या वाफ्यात सापडते. बी.एस्सी.च्या मुलांना हा भाग शिकवताना मी सुरुवात मुद्दाम गांडुळापासून करते, कारण ज्ञानेंद्रिय म्हणजे डोळा किंवा कान, हा आपला समज गांडूळ पहिल्या पंधरा मिनिटांत मोडून काढते.

त्यासाठी चार-पाच निरोगी गांडुळे ओलसर मातीत अर्धा तास अंधारात ठेवावीत. खिडकीवर जाड सोलापुरी चादर टांगली की दुपारच्या उन्हातही खोली पुरेशी काळोखी होते. टॉर्चच्या काचेवर तांबड्या जिलेटिन कागदाचे तीन पदर बांधून त्या उजेडात एक गांडूळ ओल्या टीपकागदावर ठेवावे. ते सहसा संथपणे पुढे सरकत राहते, कारण तांबडा प्रकाश त्याला फारसा जाणवत नाही. आता कागद काढून पांढरा झोत त्याच्या तोंडाकडील टोकावर टाकावा. टोक क्षणभर बारीक होते, मागे ओढले जाते आणि मग बाजूला वळते. तोच झोत शरीराच्या मध्यावर टाकला, तर प्रतिसाद मंद मिळतो. डोळे नसलेल्या या प्राण्याच्या त्वचेत प्रकाशग्राही पेशी विखुरलेल्या असतात आणि दोन्ही टोकांकडे त्या दाट असतात. उन्हाळ्यात त्वचा लवकर सुकते, म्हणून एका गांडुळावर दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ प्रयोग करू नये. त्याला लगेच सावलीतल्या ओल्या मातीत सोडावे.

यानंतर संग्रहातील नेरीस या मोकळ्या फिरणाऱ्या समुद्री कृमीची बरणी आणि डोक्याची तयार स्लाइड घ्यावी. डोक्यावर डोळ्यांच्या दोन जोड्या, स्पर्शिकांची एक जोडी, पाल्प म्हणजे तोंडाजवळच्या जाडसर, संवेदनशील उपांगांची एक जोडी आणि मागच्या वलयावर लांब स्पर्शिकांच्या चार जोड्या मोजाव्यात. डोक्याच्या मागच्या कडेला न्यूकल अवयव नावाचे, सूक्ष्म रोमांनी अस्तरलेले दोन खळगे असतात. ते रासायनिक जाणिवेचे काम करतात, असे मानले जाते. साध्या सूक्ष्मदर्शीत ते बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे त्यांची जागा आकृतीवरूनच पक्की करावी.

आता भित्ती बांधणाऱ्या सॅबेलारियाकडे वळावे. याच्या आकृतीतील नावे पाठ करून काही हाती लागत नाही. त्याऐवजी मातीचा एक कृमी वळून तो परीक्षानळीत घालावा आणि नळीबाहेर काय उरते, ते पाहावे. सॅबेलारिया वाळूचे कण आणि शंख-शिंपल्यांचे तुकडे प्रथिनयुक्त चिकट द्रव्याने जोडून नळी बांधतो आणि आयुष्यभर तिच्यातच राहतो. त्याचे शेपूट पुढे दुमडलेले असते आणि विष्ठाही नळीच्या तोंडाकडेच बाहेर पडते, इतका त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध त्या एका टोकापुरता उरलेला आहे. म्हणूनच सोनेरी काट्यांचे झाकण, पाल्प, अन्न आणि वाळू गोळा करणारे बारीक तंतू, तसेच झाकणाच्या दोन भागांमधला मध्य अवयव, हे सारे तिथेच एकवटले आहे. फिरस्त्या नेरीसच्या डोक्याशी याची तुलना केली, की राहणी बदलल्यावर इंद्रियांची मांडणी कशी बदलते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या कृमीच्या अळीचा धडा, आणि त्यासाठी एक पूर्ण तास राखून ठेवावा. अळी काही आठवडे पाण्यात तरंगत राहते आणि मग तळ चाचपू लागते. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे डी. पी. विल्सन यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की सॅबेलारिया अल्व्हिओलाटाच्या अळ्या स्वजातीच्या नळ्यांना प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावर तिथे स्थिरावण्यास अधिक प्रवृत्त होतात. पुढे कॅलिफोर्नियातील फ्रॅग्मॅटोपोमा या कृमीवर काम करताना जोसेफ पॉलिक यांना नळीतील मुक्त मेदाम्ले अळीला स्थिरावण्याचा इशारा देतात, असे आढळले. पिढ्यानपिढ्या अळ्या जुन्या नळ्या शोधून त्यांवरच बसत गेल्या आणि त्यातून फ्रान्सच्या माँ-सँ-मिशेल उपसागरातील युरोपमधली सर्वांत मोठी कृमिभित्ती उभी राहिली. म्हणजे भित्तीचा पाया वाळूइतकाच अळीच्या स्पर्शाच्या आणि रासायनिक जाणिवेतही आहे.

शेवटी वहीत चार रकाने आखून गांडूळ, नेरीस, सॅबेलारिया आणि पंख्यासारखा स्पर्शिकामुकुट असलेला नळीवासी कृमी यांची इंद्रिये समोरासमोर लिहावीत. या चौथ्या गटातील काही जातींत डोळे मुकुटाच्या तंतूंवरच असतात आणि सावली पडताच कृमी नळीत शिरतो. हे डोळे डोक्यावरील डोळ्यांहून वेगळ्या वाटेने उत्क्रांत झाले आहेत. न्यूकल अवयवाच्या ओळीत गांडुळासमोर फुली मारावी आणि तिच्याशेजारी ‘लोप’ असे लिहावे, कारण वंशवृक्षात गांडुळांची फांदी समुद्री पॉलिकीटांच्या, म्हणजे नेरीस-सॅबेलारियासारख्या ताठ केसांच्या कृमींच्या, आतूनच फुटलेली आहे; म्हणजे हा अवयव पूर्वजांत होता आणि पुढे नाहीसा झाला.